शून्य दाखवणारा स्क्रीन

नथानियल पेणकर हे नाव फक्त कंपनीच्या हजेरीपटावर होतं. बाकी सगळ्यांचा तो नाथाभाऊ. पेणमध्ये बेने इस्रायलांची, म्हणजे त्याच्यासारख्या कोकणातल्या ज्यूंची घरं आता नावापुरती उरली होती. चुलते, मावश्या, शाळेतले सोबती, सगळे केव्हाच इस्रायलला गेले. सामुदायिक प्रार्थनेला लागतात ते दहा पुरुष जमवायचे तर अलिबागला नि ठाण्याला फोन करावे लागत. मुलगी तामार लग्न होऊन इस्रायलमधल्या अश्दोदला गेली, तेव्हा बायको दीना म्हणाली, "आता आपण तरी कुणासाठी थांबायचं?" नाथा म्हणाला, "नोकरी संपू दे, मग बघू." खरं म्हणजे त्याला ती नोकरी आवडायची. तसं त्याने कधी कुणाला बोलून दाखवलं नाही.

रोह्याजवळच्या औद्योगिक वसाहतीत एक लहानशी केमिकल कंपनी होती. तिच्या कंट्रोल रूममध्ये नाथा ऑपरेटर होता. काचेची एक खोली आणि तिच्या भिंतीभर गोल काट्यांचे गेज. कुठल्या टाकीत किती प्रेशर, कुठल्या टाकीचं तापमान किती, सगळं भिंतीवर. वर लाल दिवे आणि एक भोंगा. एखादा काटा जरा जास्त सरकला की चहा पिता पिता नाथाची मान तिकडे वळायची.

बाहेर प्लांटमध्ये काम करणाऱ्यांत त्याचा सगळ्यात जवळचा माणूस काळुराम. तो कासूच्या पलीकडच्या एका वाडीवरचा. आधी फिटरच्या हाताखाली लागला, मग स्वतः फिटर झाला, पण राहिला ठेकेदाराचाच. नाथा पेणला गाडीत बसायचा, काळुराम कासूला चढायचा आणि गर्दीतून वाट काढत नाथाच्या डब्यातच यायचा. दुपारी दोघे एकत्र जेवत. ज्यूंना कोळंबी-जवळा वर्ज्य, म्हणून आपल्या डब्यात जवळा असला की काळुराम आधीच सांगून टाकायचा, "नाथाभाऊ, आज जवला हाय. तुमाला चालायचा नाय." मग नाथा आपली भाजी पुढे सरकवायचा. दोघांचं बोलणं फारसं नसायचं. पण प्लांटमध्ये कुठलीही लाईन, म्हणजे पाइप, खोलायची तर काळुराम वॉकीटॉकीवर नाथालाच विचारायचा, आणि नाथा हो म्हणेपर्यंत पान्याला हात लावायचा नाही.

मग हर्षदसाहेब मॅनेजर म्हणून आले. तरुण, हुशार, पनवेलला राहणारे. त्यांनी कंट्रोल रूम बदलायची ठरवली. गेजची भिंत निघाली. तिच्या जागी टेबल आलं, टेबलावर साधा कॉम्प्युटर, आणि त्यात ब्राउझर. ज्यात लोक बातम्या वाचतात, रेल्वेचं तिकीट काढतात, त्याच ब्राउझरच्या एका पानावर आता अख्खा प्लांट दिसू लागला. टाक्यांची रंगीत चित्रं, खाली दिवसभराचे आलेख, सेकंदासेकंदाला बदलणारे आकडे. हर्षदसाहेबांना ते पान घरी बसून मोबाईलवरही बघता येई.

पान लिहिणारा मुलगा पेणचाच निघाला. शौनक. त्याची आई वृंदाबाई शाळेत गणित शिकवायची, नाथाची तामार तिच्याच वर्गात होती. तो पुण्याच्या एका कंपनीतर्फे हे काम करत होता. पहिल्या दिवशी तो नाथाच्या शेजारी खुर्ची ओढून बसला आणि सगळं समजावून दिलं. नाथाने विचारलं, "आणि भोंगा?" शौनक म्हणाला, "तो आता इथूनच वाजेल काका. आकडा हद्दीबाहेर गेला की पानच वाजवेल."

सुरुवातीला सगळं झकास चाललं. मग नाथाला एक गोष्ट खटकायला लागली. सकाळी पान उघडलं की आकडे पटापट बदलत. दुपार झाली की ते जड होई. माऊस दाबला तर काही वेळ काहीच घडायचं नाही, मग एकदम तीनचार गोष्टी घडायच्या. पानाच्या कोपऱ्यात एक छोटं घड्याळ होतं, आकडा कुठल्या वेळचा ते दाखवणारं. नाथाने ते भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. स्क्रीन मागे होता. संध्याकाळपर्यंत तो आणखी मागे पडला. पान बंद करून पुन्हा उघडलं की वेळ बरोबर, आणि काही तासांनी पुन्हा तेच.

त्याने शौनकला फोन केला. शौनक आला, स्क्रीनसमोर बसला आणि बघता बघता त्याचा चेहरा उतरला. त्याने कॉम्प्युटरची एक वेगळी खिडकी उघडली. तिच्यात चार चौकोन होते.

"हे मशीनचे चार कोर," तो म्हणाला. "म्हणजे काम करणारी चार डोकी समजा. बघा, हे एक पार वरपर्यंत भरलंय. बाकीचे तीन रिकामे बसलेत."

"का बरं?"

"माझंच चुकलंय. मी सगळं काम एकाच ठिकाणी घातलं. आलेले आकडे घ्यायचे, हिशेब करायचा, आलेख काढायचा, भोंगा वाजवायचा की नाही ते ठरवायचं, सगळं एकामागून एक, एकाच डोक्यावर. ब्राउझर दुसरे कोर वापरायला देतो, पण तसं आपणहून लिहावं लागतं. दिवस चढतो तसा आलेख लांबतो. तो पुन्हा पुन्हा काढण्यात वेळ जातो आणि तोवर आलेले आकडे रांगेत थांबतात. तुम्हाला दिसतो तो रांगेतला पुढचा आकडा. म्हणजे जुना."

"आणि भोंगा?"

शौनकने ती खिडकी बंद केली. "भोंगाही त्याच रांगेत आहे," तो म्हणाला.

दोघे मिळून हर्षदसाहेबांकडे गेले. शौनकने सांगितलं, पान नव्याने लिहायला हवं, हिशेबाचं काम दुसऱ्या कोरांवर टाकायला हवं, महिनाभर तरी लागेल. साहेबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मशीन कमी पडतंय ना? मोठं घेऊ."

"सर, मशीनने फरक पडायचा नाही."

"चार कोर कमी पडतात म्हणालास ना? आठवालं मागवतो."

आठ कोरांचं मशीन आलं. शौनकने नाथासमोर ती खिडकी पुन्हा उघडली. आठ चौकोन होते. एक काठोकाठ भरलेला आणि सात रिकामे. दुपारनंतर स्क्रीन पुन्हा मागे पडू लागला, आधीपेक्षा जरा सावकाश, एवढाच काय तो फरक. पान नव्याने लिहायचं काम शौनकच्या कंपनीने पुढे ढकललं, कारण त्याला दुसऱ्या कामावर लावलं होतं.

पुढे परदेशातली काही गिऱ्हाईकं प्लांट बघायला आली. त्यातल्या एकाने कोपऱ्यातल्या घड्याळाकडे बोट दाखवून विचारलं, हे मागे कसं? हर्षदसाहेबांनी हसून वेळ मारून नेली आणि त्याच आठवड्यात शौनकला फोन करून ते घड्याळ पानावरून काढायला लावलं. शौनकने काढलं. नाथाला हे दुसऱ्या दिवशी ड्युटीवर आल्यावर कळलं. कोपरा मोकळा होता. त्यानंतर स्क्रीन किती मागे आहे हे सांगायला काहीच उरलं नाही. बाहेर टाक्यांवर काट्यांचे काही जुने गेज होते, पण गंजून बंद पडलेले कुणी बदलत नव्हतं. स्क्रीन आल्यावर त्यांची गरज काय, असं सगळेच म्हणत.

नाथाने मग स्वतःची एक पद्धत पाडली. काळुरामने काही खोलायचं म्हणून विचारलं की तो आधी पान पुन्हा उघडायचा. पांढरा स्क्रीन यायचा, मग हळूहळू एकेक टाकी, मग आकडे. तेवढा वेळ काळुराम ताटकळत उभा असायचा. "काय नाथाभाऊ, तुमचा टीवी आंघोल करतो काय?" तो वॉकीटॉकीवर विचारायचा. नाथा म्हणायचा, "थांब जरा. घाई नाय."

आणि एक दिवस नाथाने पान पुन्हा उघडलं नाही.

दुपारची शिफ्ट होती. ॲसिडच्या एका टाकीखालची लाईन चोक झाली होती. लाईनमधलं प्रेशर सोडून दिलं होतं, टाकीकडचा वरचा व्हॉल्व्ह बंद होता. काळुराम खाली लाईन खोलून साफ करणार होता. त्याच वेळी दुसऱ्या टाकीचं तापमान चढायला लागलं. तिथे मालाची बॅच चालू होती आणि थंड पाणी नेमकं केव्हा सोडायचं हे नाथाला स्क्रीनवर बघूनच ठरवायचं होतं. स्क्रीन मागे असला तरी बघायला दुसरं काही नव्हतं, आणि पान बंद केलं तर तेवढा वेळ त्या टाकीवर नजरच राहणार नव्हती. वॉकीटॉकी खरखरली.

"नाथाभाऊ, खोलू काय?"

नाथाने पाहिलं. खालच्या लाईनचं प्रेशर शून्य.

"खोल," तो म्हणाला.

वरचा व्हॉल्व्ह नीट बसला नव्हता. शून्य होतं ते बऱ्याच वेळापूर्वीचं. तोवर लाईनमध्ये प्रेशर परत भरलं होतं आणि ते आकडे रांगेत थांबले होते. काळुरामने शेवटचा बोल्ट सैल केला आणि आतलं गरम ॲसिड त्याच्या तोंडावर नि छातीवर आलं. नाथाने आरडाओरडा आधी कानांनी ऐकला. तो काचेच्या दारापर्यंत पोचला तेव्हा त्याच्या मागे टेबलावर भोंगा वाजायला लागला.

काळुरामला आधी रोह्याला आणि तिथून मुंबईला नेलं. तो लगेच गेला नाही. नाथा रोज दवाखान्यात जाऊन बसायचा. काळुरामच्या डोळ्यांवर पट्ट्या होत्या. एकदा त्याने विचारलं, "कोन हाय?" नाथा म्हणाला, "मी. नाथा." काळुरामने आवाजाकडे तोंड वळवलं. मग म्हणाला, "शून्य होता ना?" नाथा म्हणाला, "व्हय. शून्यच दिसत होता." पुढच्या आठवड्यात काळुराम गेला.

हर्षदसाहेबांनी नाथाला केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं, पाणी दिलं. "तो न विचारता खोलायला गेला, असं सांगा," ते म्हणाले. "गेलेला माणूस परत येत नाही. तुमचं तरी वाचेल."

"त्यानं विचारलं होतं साहेब. मी हो म्हणालो."

"नाथाभाऊ, मग सगळं तुमच्यावर येईल."

"मग मी काय करू?" नाथा म्हणाला. "त्याची बायको विचारेल. तिला काय सांगू?"

सरकारी निरीक्षक तपासाला आले. ते येण्याआधी कुणीतरी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला होता. निरीक्षकांसमोर पान उघडलं तेव्हा ते पाण्यासारखं चाललं. निरीक्षकांनी एक व्हॉल्व्ह उघडायला लावला, आकडा ताबडतोब हलला. त्यांनी मान डोलावली. नाथा म्हणाला, "साहेब, हे असंच दुपारपर्यंत चालू ठेवा. मग बघा." निरीक्षकांना अजून दोन कंपन्या बघायच्या होत्या. ते थांबले असते तरी फार काही झालं असतं का, हे नाथाला पुढे कधी ठरवता आलं नाही, कारण त्यानंतर थोड्याच दिवसांत पान बदललं. कंपनीने पुण्याला पैसे पाठवले, दुसऱ्या कुणीतरी सगळं नव्याने लिहिलं, हिशेब वेगळ्या कोरांवर टाकले, आणि स्क्रीन दिवसभर वेळेवर चालू लागला. कंपनीने नाथाला तोवर घरी बसवलं होतं. त्याला हे गेटवरच्या वॉचमनने सांगितलं.

काळुरामची बायको इंदुबाई. नाथा तिच्या वाडीवर गेला, तेव्हा ती अंगणात भांडी घासत होती. तिने त्याला बसायला सांगितलं नाही.

"तुमीच सांगितलात म्हून त्यानं खोलला?"

"व्हय."

"तुमाला ठावं होतं, तो यंत्र मागं पडतो?"

"व्हय गो. ठावं होतं."

ती उठली, हात पदराला पुसले आणि आत गेली. दार तिने आपटलं नाही, नुसतं लावून घेतलं. नाथा चालत कासू स्टेशनला आला.

त्याच्यावर खटला भरला गेला. निष्काळजीपणाने मरण घडवलं असा. जामीन मिळाला, पण पासपोर्ट जमा करावा लागला. तामारचे दिवस भरत आले, तेव्हा दीना म्हणाली, "मी जाऊन येते. बाळंतपण उरकलं की येते." नाथाने तिची बॅग विमानतळापर्यंत पोचवली. बाळ झालं, बाळाचं बारसं झालं, बाळ रांगायला लागलं. दीना आली नाही. ती फोनवर रोज बोलायची, जेवलास का विचारायची. परत केव्हा येतेस हे नाथाने एकदाच विचारलं. ती म्हणाली, "तिथे येऊन करू काय मी? तू तारखांना जाणार आणि मी घरात बसणार." नाथाला ते पटलं, म्हणून तो परत विचारायला गेला नाही.

पोट भरायला तो पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात लागला. मूर्ती गवतात बांधून टेम्पोत चढवायच्या. दीनाला हे कळलं तेव्हा ती फोनवर चिडली. आपल्यात मूर्तीला हात लावत नाहीत, हे तुला सांगायला हवं का, म्हणाली. नाथा म्हणाला, "मी पुजत नाय. बांधतो फक्त."

खटला वर्षानुवर्षं रेंगाळला. शौनक या काळात एकदाही भेटला नव्हता. मग एका संध्याकाळी तो नाथाच्या दारात उभा राहिला. अंगाने वाळलेला, दाढी वाढलेली. त्याने पुण्याची नोकरी सोडली होती.

"काका, मी साक्ष देतो," तो म्हणाला. "पान मी लिहिलं होतं. चूक माझी होती. आईला सांगितलं. ती म्हणाली, जा."

नाथाने त्याला बसायला खुर्ची दिली. "तुझं पुढं कसं होईल?"

"व्हायचं ते होईल. तुम्ही सुटलात म्हणजे झालं."

शौनकने साक्ष दिली. रोह्याच्या कोर्टात उभं राहून त्याने एका डोक्यावर घातलेलं काम, रिकामे राहिलेले सात कोर, रांगेत थांबलेले आकडे, काढून टाकलेलं घड्याळ, सगळं सांगितलं. घड्याळ कुणाच्या सांगण्यावरून काढलं तेही सांगितलं. मागच्या बाकावर इंदुबाई बसली होती. ती पुढे वाकून ऐकत होती.

मग सरकारी वकील उठले. त्यांनी आवाज चढवला नाही.

"पान मागे पडतं हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"नाथाकाकांनी. म्हणजे आरोपींनी."

"अपघाताच्या किती आधी?"

"बरेच महिने."

"म्हणजे स्क्रीनवरचा आकडा जुना असू शकतो, हे आरोपींना पक्कं माहीत होतं?"

शौनकने नाथाकडे पाहिलं.

"माहीत होतं," तो म्हणाला.

"आणि खात्री करायची तर पान पुन्हा उघडायचं, हेही?"

"ते स्वतःच तसं करायचे. प्रत्येक वेळी."

"त्या दिवशी?"

शौनकच्या उत्तराची वाट न बघता वकील खाली बसले. शौनक नाथाला सोडवायला आला होता, आणि नाथाला धोका माहीत होता हे जे कोर्टापुढे तोवर कुणी सिद्ध करून दाखवलं नव्हतं, ते त्याच्याच तोंडून सिद्ध झालं. बाहेर आल्यावर तो पायरीवर बसला नि हमसून हमसून रडला. नाथाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तू खोटं काय बोललास?" तो म्हणाला. "काय नाय. मग रडतोस कशाला?"

निकालाच्या दिवशी नाथाला कैद झाली. अपील करता यावं म्हणून शिक्षा थांबवली आणि जामीन पुढे चालू राहिला. हर्षदसाहेबांची तोवर गुजरातला बदली झाली होती. घड्याळाबद्दल निकालात एक वाक्य होतं. ते सोडून त्यांचं नाव कुठे आलं नाही. शौनक त्या दिवशी आला नव्हता. तो पेणलाच असतो, शिकवण्या घेतो, कॉम्प्युटरला हात लावत नाही, असं वृंदाबाईंनी फोनवर सांगितलं.

नाथा रोह्याच्या स्टेशनवर आला. गाडीला वेळ होता. फलाटावर इंदुबाईही होती, तिलाही त्याच गाडीने कासूला जायचं होतं. ती दुसऱ्या बाकावर बसली. समोरून एक मालगाडी गेली. मग ती उठून आली आणि त्याच्या बाकाच्या टोकाला टेकली.

"तो यंत्र आता कुठं हाय?" तिने विचारलं.

"तिथंच. कंपनीत."

"आता बरा चालतो काय?"

"व्हय. आता बरोबर चालतो."

"मग तवा का नाय?"

नाथाने खूप विचार केला. कोर, रांगा, आलेख, महिनाभराचं काम, नवं मशीन, गिऱ्हाईकं, सगळं त्याच्या डोक्यात येऊन गेलं.

"तवा कोनी केला नाय," तो म्हणाला.

इंदुबाईने मान हलवली. तिला ते समजलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. गाडी आली. दोघे वेगवेगळ्या दारांनी चढले. कासूला ती उतरली, फलाटावर डोक्यावरचा पदर सारखा केला आणि वळून न बघता वाडीच्या रस्त्याला लागली. नाथा पेणला उतरला. घरी जाऊन त्याने दीनाला फोन लावला. तिकडे तामारचं धाकटं बाळ रडत होतं, म्हणून ती म्हणाली, जरा थांब. नाथा फोन कानाला लावून उभा राहिला.

"हां, बोल," दीना म्हणाली. "काय झालं?"

"झाली," नाथा म्हणाला. "शिक्षा झाली."

मग दीना हळूच म्हणाली, "जेवलास का?"

"नाय अजून," तो म्हणाला. "आता भात लावतो."